आधी कासव, मग देव: वेळास ते दिवेआगर, एका दिवसाची आखणी

घाटावरून पहिल्यांदा कोकणात येणारी मंडळी दिवस आखताना देवळांपासून सुरुवात करतात आणि प्राणी-पक्षी वाटेत दिसले तर बघू म्हणून सोडून देतात. हा क्रम उलटा ठेवा. देव दिवसभर देवळात असतो. कासवाची पिल्लं मात्र सकाळी सातच्या सुमारास समुद्रात जातात आणि अर्ध्या तासात किनारा रिकामा होतो. हरिहरेश्वरची प्रदक्षिणाही समुद्र वाट देईल तेवढाच वेळ करता येते. या दोन वेळा आधी पक्क्या करायच्या आणि बाकीचं दर्शन, जेवण, विश्रांती त्यांच्याभोवती बसवायची.

इथे दिलेला मार्ग सावित्रीच्या खाडीच्या दोन्ही काठांचा आहे. रात्रीचा मुक्काम रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळासला. सकाळी वेसवीहून फेरीबोटीने खाडी ओलांडून रायगड जिल्ह्यात बागमांडला, मग हरिहरेश्वर, श्रीवर्धन आणि शेवटी दिवेआगर. अंतरं थोडी आहेत, पण रस्ते अरुंद आणि वळणांचे. ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या वर हिशेब धरू नका.

तारीख कशी धरायची

वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालतात. माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वर येतात, पिल्लं फेब्रुवारी ते मे या काळात बाहेर पडतात. पूर्वी ही अंडी माणसं, कुत्रे आणि कोल्हे संपवत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथे संरक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे त्यातूनच कासव महोत्सव उभा राहिला. आज गावातले कासवमित्र रोज पहाटे किनारा चालतात, मादीचा माग काढत घरटं शोधतात आणि अंडी कुंपण घातलेल्या हॅचरीत तेवढ्याच खोल खड्ड्यात हलवतात. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात.

महोत्सवाची जाहीर तारीख बघून येऊ नका, घरट्याची तारीख विचारून या. अंडी उबायला साधारण पन्नास ते पंचावन्न दिवस लागतात. थंडीत वाळू गार असते म्हणून थोडे जास्त, मार्च-एप्रिलच्या उन्हात थोडे कमी. तेव्हा ज्यांच्या घरी उतरणार त्यांना फोन करून एवढंच विचारा: “हॅचरीत कोणकोणत्या तारखेची घरटी आहेत?” समजा एक घरटं २५ जानेवारीचं आहे. त्यात बावन्न दिवस मिळवले की १८ मार्च. त्याच्या आगेमागे तीन दिवस अशी सहा-सात दिवसांची खिडकी धरायची. त्या खिडकीत दोन-तीन घरटी येत असतील तर पिल्लं दिसण्याची शक्यता चांगली. एकच येत असेल तर दोन रात्री राहायची तयारी ठेवा. एक रात्र राहून, पिल्लं न दिसता परत जाणारे बहुतेक जण शनिवार-रविवार बघून आलेले असतात, घरट्याची तारीख बघून नाही.

तिथीवरून भरती-ओहोटी

आता दुसरी वेळ. किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीचं वेळापत्रक छापून लागत नाही, तो तिथी विचारतो. तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. आलेला आकडा ही पूर्ण भरतीची वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब एकच.

चतुर्थी घ्या. चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. भरती पहाटे तीनला आणि दुपारी तीनला, ओहोटी सकाळी नऊला. सप्तमीला भरती सव्वापाचला, ओहोटी सव्वाअकराला. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागून सरकते. आपला हिशेब पंचेचाळीस मिनिटांचा असल्याने पक्षाच्या शेवटी खरी भरती अर्धा-पाऊण तास उशिरा येते. पौर्णिमेला गणित सव्वाअकरा सांगतं, समुद्र बाराच्या सुमारास भरतो. म्हणून या हिशेबाने दिवस निवडा, पण पाण्यात पाय घालण्याआधी त्या दिवसाचं छापील किंवा मोबाइलवरचं कोष्टक जरूर पडताळा.

वेळेइतकंच पाणी किती उतरतं हेही महत्त्वाचं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं: पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग: चढ-उतार दोन्ही कमी. आपल्या कामाला षष्ठी आणि सप्तमी उत्तम. सकाळी कासवं पाहून, न्याहारी करून, खाडी ओलांडून हरिहरेश्वरला पोहोचेपर्यंत पाणी नेमकं उतरत आलेलं असतं. अष्टमीला ओहोटी बाराची येते, पण भांगामुळे खडक पुरते उघडे पडत नाहीत. एकादशी ते त्रयोदशी ओहोटी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान येते. त्या दिवशी क्रम बदला: आधी श्रीवर्धनचं दर्शन आणि जेवण, मग मागे वळून हरिहरेश्वर. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी भरती असते. त्या दिवशी फक्त देवदर्शन करा आणि प्रदक्षिणेचा विचार सोडा.

महाशिवरात्रीला पुष्कळ जणांची फसगत होते. ती माघ वद्य चतुर्दशीला येते. चौदाचा हिशेब केला की भरती साडेदहा-अकराला, म्हणजे देवळात सर्वांत जास्त गर्दी असते नेमक्या त्याच वेळी प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटा आदळत असतात. वाट उघडते ती दुपारी चारनंतर.

घरट्याची तारीख आणि तिथी दोन्ही जुळल्या तर उत्तम. एकच साधत असेल तर घरट्याला मान द्या. चांगली ओहोटी पंधरा दिवसांनी पुन्हा येते.

आदली संध्याकाळ

वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. माडा-पोफळींच्या सावलीतली वाडी, लाल चिऱ्याची घरं. मोठी हॉटेलं नाहीत. गावकऱ्यांच्या घरात राहायचं, अंगणात जेवायचं. जेवण शाकाहारी आहे की मासे मिळतील ते आधीच विचारा. उकडीचे मोदक हवे असतील तर निदान आदल्या दिवशी सांगा. नारळ खवणं, पिठी मळणं हे आयत्या वेळचं काम नाही. मोबाइलला रेंज कमी, म्हणून रोख पैसे जवळ असू द्या आणि गाडीची टाकी मंडणगडला भरून घ्या.

संध्याकाळी सहाच्या सुमारासही घरट्यांवरच्या टोपल्या उचलून पाहतात, त्यामुळे चार-साडेचारपर्यंत पोहोचलात तर एक संधी जास्तीची मिळते. रात्री कासव शोधायला एकट्याने किनाऱ्यावर जाऊ नका. अंडी घालायला येणारी मादी टॉर्चचा झोत किंवा माणसांची हालचाल दिसली की अंडी न घालताच परत फिरते.

सकाळी सातला

सव्वासहाला घर सोडा. गावातून सुरूच्या बनातून किनारा गाठायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी असतील तर त्याहून जास्त. हॅचरीच्या कुंपणाबाहेर उभं राहा.

प्रत्येक घरट्यावर एक टोपली उपडी घातलेली असते आणि शेजारी घरट्याचा क्रमांक, तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी. कासवमित्र एकेक टोपली उचलून पाहतात. पिल्लं वर येण्याआधी घरट्यावरची वाळू बशीसारखी खोलगट होते, कारण खाली कवचं फुटलेली असतात आणि पिल्लं वाळू पायाखाली घालत वर सरकत असतात. अंड्यातून निघाल्यावर पृष्ठभागापर्यंत यायला त्यांना दोन-तीन दिवस लागतात. टोपली उचलल्यावर कधी नुसती खोलगट वाळू दिसते. कधी तिच्यातून काळपट राखाडी नाक वर आलेलं असतं. कधी पंचवीस-तीस पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढून वल्ही हलवत असतात. पिल्लू तुमच्या अंगठ्याएवढं, पाठ जेमतेम चार सेंटिमीटर, पापणीवर वाळूचे कण. नाकाच्या टोकाला एक पांढरा ठिपका दिसतो, तो कवच फोडायचा दात. काही दिवसांनी तो गळून पडतो.

मोजणी होते, वहीत आकडा चढतो आणि पिल्लं पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडली जातात. थेट पाण्यात का सोडत नाहीत, असं दर वेळी कोणीतरी विचारतं. वाळूवरून चालताना पिल्लाच्या वल्ह्यांत बळ येतं आणि जन्माचा किनारा त्याच्या मनात नोंदला जातो, असं कासवांचा अभ्यास करणारे मानतात. मोठी झालेली मादी अंडी घालायला जन्माच्या परिसरातच परतते. म्हणून एखादं पिल्लू थकून थांबलं तरी त्याला उचलून पुढे ठेवू नका. ते विसावा घेतं आणि पुन्हा चालू लागतं. पहिली लाट त्याला उलटं मागे फेकते, तेही कासवमित्रांच्या नजरेत असतं.

इथे पाहुण्यांकडून होणारी सर्वांत मोठी चूक पायांची असते. ओल्या वाळूतला माणसाच्या टाचेचा ठसा पिल्लाच्या दृष्टीने खड्डा असतो. ते त्यात पडतं, चढून येतं, पुढच्या ठशात पुन्हा पडतं, आणि तेवढ्या वेळात घारी-कावळे हेरतात. दोरी बांधली असेल तिच्या बाहेर राहा. दोरीच्या आत कोणी चालून गेलं असेल तर पिल्लं सोडण्याआधी कासवमित्रांना विचारून तेवढी पट्टी हाताने सारखी करा. गाडीच्या चाकोऱ्या तर त्याहून वाईट, कारण चाकोरी पाण्याला समांतर जाते आणि पिल्लू तिच्यातून आडवंच चालत राहतं. किनाऱ्यावर गाडी घालायची नाही.

फ्लॅश बंद, ड्रोन नाही, पिल्लाला हात लावून फोटो नाही. ऑलिव्ह रिडलेला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. पिल्लू हातात घेतलेला फोटो हा मग कौतुकाचा राहत नाही, गुन्ह्याचा पुरावा ठरतो.

किनाऱ्यावरच्या कुत्र्यांना बिस्किटं घालू नका. दयेपोटी घातलेल्या बिस्किटांवर कुत्री किनाऱ्यावरच राहायला लागतात आणि रात्री हॅचरीबाहेरची घरटी उकरतात.

या पिल्लांपैकी मोठी होणारी फार थोडी. हजारात एखादं, असा अंदाज सांगितला जातो. पण जे जगतं ते किती दूर जातं पाहा. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खूणचिठ्ठी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनारा ते पश्चिम किनारा.

जखमी किंवा जाळ्यात गुरफटलेलं मोठं कासव दिसलं तर त्याला ओढून समुद्रात ढकलू नका. जखमी किंवा थकलेलं कासव पाण्यात बुडून मरू शकतं, कारण श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं. सावली करा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा, माणसं आणि कुत्री लांब ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

खाडी ओलांडताना

घावन-चटणी किंवा पोहे खाऊन साडेआठपर्यंत निघा. वाटेत बाणकोटचा किल्ला लागतो. १७५६ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता, फोर्ट व्हिक्टोरिया म्हणून. चढून जायला वेळ लागत नाही, आणि बुरुजावरून सावित्रीचं मुख पूर्ण दिसतं. खाडीच्या तोंडाशी गढूळ आणि निळं पाणी मिळतं त्या रेषेवर नजर ठेवा. हंपबॅक जातीचे डॉल्फिन उथळ पाण्यात, किनाऱ्याजवळ आणि खाड्यांच्या मुखाशी मासे धरतात. मच्छीमार त्यांना गादा म्हणतात. गादा सिनेमातल्यासारखी उंच उडी मारत नाही: आधी पाठीचा कुबड दिसतो, मग पाठीवरचं छोटं पर, मग काही नाही. एक-दोन मिनिटं थांबा, थोडं पुढे पुन्हा वर येते. वारा पडलेला असेल तर सकाळी दिसण्याची शक्यता जास्त. दिसेलच असं नाही, म्हणून पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका, फेरी गाठायची आहे.

वेसवीच्या धक्क्यावर तिकीट काढून रांगेत गाडी लावा. फेरीत गाडी चढली की इंजिन बंद, हँडब्रेक वर, माणसं खाली. ओहोटीच्या वेळी उतार जास्त तिरका आणि चिखलाने निसरडा असतो, खाली बसणाऱ्या गाड्यांचा पुढचा भाग घासतो. गाडीतली माणसं आणि जड बॅगा आधी उतरवून मग चढवा. परतीचा बेत याच वाटेने असेल तर शेवटची फेरी कितीची हे इथेच विचारून ठेवा. ती चुकली तर म्हसळा-आंबेतमार्गे वळसा पडतो, अडीच तासांचा.

फेरीची वाट पाहताना गाडीत बसून राहू नका. पाणी उतरत असलं की धक्क्याच्या कडेला तिवरांच्या पायथ्याशी उघडा चिखल असतो. पहिल्यांदा नुसता चिखल दिसतो. दोन मिनिटं न हलता बघत राहिलं की तोच चिखल हलायला लागतो. बोटाएवढे निवटी पुढच्या परांवर रेटत सरकतात, मध्येच पाठीचं पर उभारून एकमेकांवर धावून जातात. हा मासा आहे आणि पाण्याबाहेर चालतो. कल्ल्यांत पाणी धरून ठेवतो, ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, म्हणून अंग सुकू नये यासाठी अधूनमधून चिखलात लोळतो. शेजारी एक नांगी मोठी आणि एक लहान असलेले खेकडे नर असतात, मोठी नांगी हलवून मादीला बोलावतात. तुमची सावली पडली की सगळे बिळात. सूर्य तोंडावर येईल असं उभं राहिलं तर सावली मागे पडते.

हिवाळ्यात फेरीमागे कुरव पक्षी उडतात आणि लोक शेव-गाठ्या फेकतात. तेलकट, खारट पीठ हे त्यांचं खाणं नाही. पुढे मार्च-एप्रिलमध्ये त्यांना हजारो किलोमीटर उडून उत्तरेला परतायचं असतं. मुलांना त्यांचं उडणं दाखवा, पाकीट फोडू नका.

हरिहरेश्वर: दर्शनाचा क्रम आणि प्रदक्षिणा

बागमांडल्याहून हरिहरेश्वर पंधरा-वीस मिनिटं. हे पेशव्यांचं कुलदैवत, दक्षिण काशी म्हणून मान. इथे दर्शनाचा क्रम ठरलेला आहे: आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, आणि निघताना पुन्हा काळभैरव. नवखे लोक हे चुकवतात, पुढे कोणीतरी सांगितल्यावर रांगेत पुन्हा मागे येतात. हरिहरेश्वराच्या गाभाऱ्यात ब्रह्मा, विष्णू, महेश आणि पार्वती अशी लिंगं आहेत. चपला बाहेर, चामड्याचा पट्टा-पाकीट नको, खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे. अभिषेक करायचा असेल तर सकाळी लवकर सांगावा लागतो, त्यामुळे या बेतात तो धरू नका.

शंकराच्या देवळात शिरताना नंदीच्या पुढे जमिनीत कोरलेलं कासव तुम्ही आजवर शेकडो वेळा पाहिलं असेल. आज सकाळी वाळूत पाहिलेल्या कासवाशी ते ताडून बघा. पाय आणि मान आत ओढून घेणारं कासव संयमाचं प्रतीक म्हणून तिथे बसवतात. समुद्री कासवाला मात्र मान-वल्ही कवचात ओढून घेता येत नाहीत. जाळ्यात सापडल्यावर त्याला दुखापत लवकर होते त्याचं हेही एक कारण. मुलांना बरोबर आणलं असेल तर ही गोष्ट दगडी कासवाशेजारी बसून सांगावी. त्यांच्या लक्षात राहते.

आता प्रदक्षिणा. देवळामागून डोंगराची पायवाट चढते, मग कड्याला पडलेल्या एका अरुंद फटीतून पायऱ्या सरळ समुद्राच्या पातळीला उतरतात. खाली लाटांनी कापून सपाट केलेला खडकाचा पट्टा, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र. त्या पट्ट्यावरून डोंगराला वळसा घालत पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून, परत देवळाशी. चालायला अर्धा-पाऊण तास, बघत गेलं तर एक तास.

पायऱ्या उतरायच्या त्या पूर्ण ओहोटीच्या एक ते दीड तास आधी. ओहोटीची वेळ साडेदहा असेल तर नऊ-साडेनऊला उतरा, म्हणजे तुम्ही चालत असताना पाणी मागे सरकत असतं. ओहोटी झाल्यावर निघणारे फसतात, कारण परतीच्या टप्प्यावर पाणी चढायला लागतं आणि कड्याखाली वर चढायला वाट नसते. इथे माणसं वाहून गेलेली आहेत. पायऱ्यांच्या टोकाशी उभं राहून आधी पाच मिनिटं समुद्र बघा. चालायच्या पट्ट्यावर या पाच मिनिटांत एकदाही पाणी आलं तर परत फिरा. बऱ्याच लहान लाटांनंतर एखादी मोठी येते, तिच्यासाठी ही पाच मिनिटं. देवळातल्या माणसांनी नको म्हटलं तर तिथेच थांबा. पावसाळ्यात हा विचारच नको.

पायात रबरी तळाच्या पट्टेवाल्या सँडल हव्यात. अनवाणी जायची श्रद्धा समजण्यासारखी आहे, पण खडकाला चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात. काळा कोरडा खडक पकड देतो, हिरवट चकाकणारा घसरवतो. पाय कोरड्यावर ठेवा. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. कालव लागलंच तर जखम गोड्या पाण्याने भरपूर धुवा, आत कवचाचा कण राहू देऊ नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खडकांची नक्षी पाहण्यासारखी आहे. खारं पाणी दगडाच्या छिद्रांत सुकतं, मिठाचे स्फटिक कण कण उकलत जातात आणि कड्यावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी तयार होते. खाली खळग्यांत साचलेल्या पाण्याशी उकिडवं बसा. फुलासारखे पसरलेले समुद्रफुलाचे तंतू, त्यांच्या शेजारून सरकणारा एखादा शंख. तो शंख अचानक धावायला लागला तर आत गोगलगाय नाही, रिकाम्या शंखात शिरलेला खेकडा आहे. म्हणूनच रिकामे शंख पिशवीत भरून नेऊ नका, ती कोणाची तरी पुढची घरं आहेत. विष्णुपदाशी नमस्कार करून पुढे निघा, रेंगाळायचं ते पुळणीवर पोहोचल्यावर.

वर डोंगरावर आणि देवळाच्या आवारात वानरं आणि माकडं दोन्ही येतात. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. लालसर तोंडाचं, डोक्यावर केसांचा भांग पाडल्यासारखं ते माकड, आणि हिसकावण्यात ते जास्त धीट. प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, नारळ-केळी बंद सॅकमध्ये टाका. माकड अंगावर आलं तर डोळ्यांत बघू नका, दात दाखवून हसू नका, त्याला ती धमकी वाटते. पिशवी धरली असेल तर सोडून द्या. ओरखडा किंवा चावा बसला तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लशीसाठी जा. हळद-चुना भरत बसू नका. आणि त्यांना खायला घालू नका, कितीही पुण्याचं वाटलं तरी. पर्यटकांच्या हातून खायची सवय लागलेला कळप माणसाला भीत नाही, मग तो आसपासच्या बागांत उतरतो आणि शहाळी, केळी, भाजी काही शिल्लक ठेवत नाही. कोकणातला बागायतदार आज याच कारणाने हैराण आहे.

श्रीवर्धन, जेवण आणि दिवेआगर

साडेअकरा-बाराला हरिहरेश्वर सोडा. श्रीवर्धन पाऊण तासावर. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ इथले. लक्ष्मीनारायणाचं दर्शन घ्या, पण गावातल्या देवळांत दुपारी नैवेद्यानंतर दार ओढून घेतात, तेव्हा आधी देऊळ, मग जेवण. पोफळीच्या बागा इथे घराघराला लागून आहेत आणि श्रीवर्धनी रोठा सुपारीचं नाव लांबपर्यंत आहे. घ्यायची असेल तर बागवाल्याकडून घ्या.

जेवून तास-दीड तास सावलीत आडवे व्हा. मार्च-एप्रिलच्या उन्हात दुपारी दोनला पुळणीवर काहीच नसतं, पक्षीही झाडीत असतात. दिवस पहाटे सुरू झालेला आहे, आणि गाडी चालवणाऱ्याला ही झोप लागतेच.

साडेतीनला निघून आरावी-शेखाडीमार्गे समुद्राकाठच्या रस्त्याने दिवेआगर गाठा. डाव्या हाताला सतत पाणी, त्यामुळे डाव्या खिडकीशी बसणाऱ्याने कड्यावरून घिरट्या घालणारा पांढऱ्या पोटाचा मोठा पक्षी शोधावा. तो समुद्र गरुड. पंख इंग्रजी व्हीसारखे वर उचलून तरंगतो, घार पंख सपाट ठेवते. एवढ्या फरकावर तो ओळखता येतो. गाडी थांबवायची तर वळणावर नाही.

दिवेआगरला सुवर्ण गणेशाचं देऊळ. १९९७ साली इथल्या पोफळीच्या बागेत खणताना सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ मध्ये तो चोरीला गेला आणि २०२१ मध्ये पुन्हा गणपतीची स्थापना झाली. संकष्टीला रांग लांबते. तिथून रूपनारायणाच्या देवळात जा, गर्दीतले बहुतेक लोक ते टाळून थेट समुद्रावर जातात. विष्णूची ही काळ्या दगडातली मूर्ती शांतपणे, जवळून बघण्यासारखी आहे. बाजूला दशावतार कोरलेले आहेत, त्यात दुसरा कूर्म. पहाटे सुरू झालेला दिवस इथे त्याच प्राण्यापाशी येऊन पोहोचतो.

वेळासला परत जाऊन संध्याकाळची पिल्लंही बघायची असतील तर दिवेआगर सोडून द्या आणि श्रीवर्धनहूनच अडीचला मागे फिरा. दोन्ही करायला गेलं की फेरीच्या रांगेत दिवस मावळतो. दिवेआगरला आलात तर मुक्काम इथेच करा.

सूर्य बुडायच्या तासभर आधी पुळणीवर या. ओल्या वाळूवर छोटे चिखले थव्याने धावतात, थांबतात, टिपतात, पुन्हा धावतात. थव्यात घुसून त्यांना उडवू नका. थंडीत इथे ते चरबी साठवायला येतात आणि प्रत्येक उड्डाणात ती खर्च होते. अंधार पडला की भुतासारखे फिकट खेकडे बिळातून निघतात. टॉर्चवर लाल कागद लावला तर ते पळत नाहीत.

या किनाऱ्यावरही कासवं अंडी घालतात. पिल्लं रात्री बाहेर पडली तर सर्वांत उजळ क्षितिजाकडे चालतात. ते क्षितिज समुद्राचं असायला हवं, पण खोलीच्या गच्चीवरचा दिवा त्याहून उजळ असेल तर पिल्लं जमिनीकडे, झाडीत, रस्त्यावर जातात. समुद्राकडच्या खोलीत उतरला असाल तर झोपण्याआधी बाहेरचा दिवा मालवा, पडदा ओढा, आणि आवारातला मोठा दिवा रात्रभर जळत असेल तर मालकांना तो बंद करायला सांगा.